रेषा लाल, पण किती सुबक!

नोकरीच्या जाहिरातीत ‘यूआय/यूएक्स डिझायनर पाहिजे’ असे छापलेले असते, तेव्हा सगळ्यात जास्त काम मधली तिरकी रेघ करत असते. दोन वेगळी कामे एका खुर्चीत आणि एका पगारात बसवण्याचे कसब तिच्याइतके दुसऱ्या कुठल्याही विरामचिन्हाला साधलेले नाही. यूआय म्हणजे यूजर इंटरफेस: पडद्यावर जे दिसते, दाबता येते, सरकवता येते ते सगळे. बटणे, रंग, अक्षरे, चौकटी, खुणा. यूएक्स म्हणजे यूजर एक्स्पीरियन्स: ती वस्तू किंवा सेवा वापरण्याआधी, वापरताना आणि वापरून झाल्यावर माणसाचे जे काही होते ते सगळे, त्यात त्याचा रक्तदाबही आला. फरक एवढा सरळ आहे. तरीही मुलाखतीत हा प्रश्न आला की उमेदवार आठवू लागतो ते परदेशातून आलेले सॉसच्या बाटलीचे चित्र. काचेची उभी बाटली म्हणजे यूआय आणि उलटी ठेवता येणारी प्लास्टिकची बाटली म्हणजे यूएक्स, असा त्याचा मथितार्थ. मुलाखत घेणाऱ्यानेही तेच चित्र पाहिलेले असल्यामुळे दोघांचे समाधान होते आणि नेमणूक पक्की होते. पण हा फरक समजून घ्यायला सॉस आयात करण्याची गरज नाही. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात माण नावाचे गाव आहे. या विषयावरचे इतके सविस्तर, इतके प्रशस्त आणि पावसाळ्यात इतके ओले पाठ्यपुस्तक दुसरीकडे मिळणे कठीण.

माण हे हिंजवडीला लागून असलेले गाव. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाची सुरुवात हिंजवडीत झाली आणि पुढचे टप्पे पसरत पसरत माणच्या शिवारात आले. फेज दोनमधल्या इन्फोसिसच्या पत्त्यात आजही ‘गाव माण, तालुका मुळशी’ असेच लिहिलेले असते. पण जगभर नाव झाले हिंजवडीचे. माणच्या वाट्याला सातबारे, ग्रामपंचायत आणि रहदारी आली. इथल्या इमारती काचेच्या आहेत. दारावर कार्ड टेकवले की हिरवा दिवा लागतो आणि दार अदबीने उघडते. आत बारमाही थंडी असते आणि कॉफीच्या यंत्रालासुद्धा बोटाने चालणारा पडदा असतो. या दारापर्यंत पोचायचे मात्र वाकडचा पूल, भूमकर चौक, शिवाजी चौक असे गड सर करत. सकाळी नऊच्या सुमारास या वाटेवर असलेल्या माणसाच्या हातात नकाशाचे अ‍ॅप असते. त्यावरची निळी रेघ आधी नारिंगी होते, मग लाल, आणि चौक जवळ आला की पिकून गडद तांबडी. उशीर किती होणार ते मिनिटांत सांगितलेले असते. रंग असे निवडलेले की भर उन्हातही ओळखू यावेत, अक्षर असे की चष्मा विसरलेल्यालाही वाचता यावे, आणि सूचना देणारा आवाज इतका सौम्य की वाईट बातमीही गोड वाटावी. यूआयच्या परीक्षेत या नकाशाला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. फक्त गाडी हलत नाही. नकाशा सुंदर आहे हा यूआय. गाडी हलत नाही हा यूएक्स. आणि नकाशा आणखी सुंदर केला तरी गाडी तसूभरही पुढे सरकणार नाही, हा या लेखाचा मुद्दा.

मौज अशी, की या गाडीत अडकलेला माणूस बऱ्याचदा स्वतःच डिझायनर असतो. त्याच्या डोक्यात त्या वेळी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एखाद्या आजीबाई असतात. आजीबाईंना विम्याचा दावा भरायचा आहे, त्यांना कमी दिसते, बोटे थरथरतात, तेव्हा तिसरे बटण गाळून दोनच बटणांत त्यांचे काम कसे व्हावे, यावर तो गेले तीन आठवडे झटतो आहे. आजीबाईंचा संयम किती सेकंद टिकतो, त्यांची नजर आधी कुठे जाते, त्या वैतागून पान कधी बंद करतील, हे सगळे त्याच्या तक्त्यात नोंदलेले आहे. ही तळमळ खरी आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण कार्यालयासमोरचा रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर चहाला जायचे, तर याच माणसाला दुभाजकावर पाय टाकून, डंपर आणि टँकर यांच्या मधली फट हेरून, जिवावर उदार होऊन पळावे लागते. त्याची नजर कुठे जाते याची नोंद कोणी ठेवत नाही. तो वैतागून पान बंद करू शकत नाही, कारण बंद करण्याजोगे पानच नाही. आणि माणमधली जी माणसे कुठल्याच कंपनीत नाहीत, म्हणजे याच रस्त्याने शाळेत जाणारी पोरे, दूध घालायला निघालेला शेतकरी, बोडकेवाडीकडे चालत जाणारी बाई, ती तर यूजरच्या व्याख्येतच बसत नाहीत. त्यांनी काही डाउनलोड केलेले नसते. ज्याने डाउनलोड केले तो यूजर, आणि ज्याच्या दारावरून सगळे गेले तो नुसताच रहिवासी, अशी ही वाटणी आहे.

यूएक्स ही संज्ञा रुळवण्याचे श्रेय डोनाल्ड नॉर्मन यांच्याकडे जाते. १९९३ मध्ये ते अ‍ॅपल कंपनीत गेले आणि आपल्या हुद्द्याच्या नावातच त्यांनी ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घातले. इंटरफेस हा शब्द त्यांना तोकडा वाटत होता. त्यांचे म्हणणे असे, की संगणकाशी माणसाचा संबंध पडदा उजळल्यावर सुरू होत नाही. तो दुकानात खोके पाहिल्यावर, ते विकत घेतल्यावर, ते मोटारीत मावत नाही हे कळल्यावर आणि घरी आणून उघडताना सुरूच असतो. पुढे २०१० मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आपल्या ९२४१-२१० या मानकात व्याख्या केली, तीही याच वळणाची. वस्तू वापरल्याने किंवा वापरावी लागणार या नुसत्या कल्पनेने माणसाला जे वाटते ते सारे तिने अनुभवात धरले. उद्या माणला जायचे आहे या विचाराने रविवारी संध्याकाळी पोटात येणारा गोळा हा आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे यूएक्समध्येच मोडतो, हे इथल्या कर्मचाऱ्यांना कोणीतरी अधिकृतपणे कळवायला हवे. मराठी घरांना हा सगळा प्रकार नवा नाही. लग्नाची पत्रिका म्हणजे यूआय: सोनेरी गणपती, उठावाची छपाई, आतला पातळ कागद, आणि शेवटी चिमुकल्यांचे ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. लग्न म्हणजे यूएक्स: कार्यालय सापडले का, गाडी लावायला जागा मिळाली का, अक्षता वेळेवर पडल्या का, आणि तिसऱ्या पंगतीपर्यंत मठ्ठा उरला का. पत्रिका देखणी होती म्हणून मठ्ठ्याचे दुःख कोणी विसरल्याचे ऐकिवात नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. रस्ते, गटारे आणि चौक ही सॉफ्टवेअर कंपन्यांची कामे नव्हेत. ते सरकारचे काम. मग पडदे रंगवणाऱ्यांना रहदारीचा जाब का विचारावा? जाब विचारू नये, हे मान्य. पण ‘ते आमचे काम नव्हे’ हे उत्तर माणमध्ये नेमके किती जण देऊ शकतात, हे पाहण्यासारखे आहे. उद्यानातले रस्ते एमआयडीसीचे. भोवतालच्या विकासाचे नियोजन पीएमआरडीएचे. गाव ग्रामपंचायतीचे. गावाला जोडणारे काही रस्ते जिल्हा परिषदेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. वाहतूक पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, जे १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. तहसील कचेरी पौडला. बस पीएमपीएमएलची. आणि हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत की घेऊ नयेत, ही चर्चा या सगळ्यांच्या डोक्यावरून वर्षानुवर्षे वाहते आहे. यातल्या प्रत्येकाकडे आपापला नकाशा आहे, आपापले संकेतस्थळ आहे आणि त्यावर आपापल्या प्रमुखांचा हसरा फोटो आहे. म्हणजे यूआय प्रत्येकाचा स्वतंत्र आणि नीटनेटका. पण पाण्याला हद्द कळत नाही. जून २०२५ मध्ये जोराचा पाऊस झाला, रस्त्यांचे ओढे झाले, पाण्यातून वाट काढणाऱ्या बसच्या चित्रफिती घराघरात पोचल्या आणि लोकांनी आयटी पार्कचे ‘वॉटर पार्क’ असे बारसे करून टाकले. ते पाणी अमुक विभागाच्या हद्दीत साचले आणि तमुक विभागाच्या हद्दीत वाहिले, हा भेद पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या माणसाला दिसत नव्हता. त्याला एकच सलग पाणी दिसत होते. अनुभव हा नेहमी असाच सलग असतो आणि जबाबदारी नेहमी तुकड्यातुकड्यांत. यूएक्स बिघडतो तो बहुधा तुकड्यांत नव्हे, तर दोन तुकड्यांच्या सांध्यात. आणि सांधा कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. मग यूआय म्हणजे निव्वळ रंगरंगोटी का? पडदा कसाही असला तरी चालेल? चालणार नाही. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्यात मतपत्रिकेची मांडणी अशी होती, की उमेदवारांची नावे डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही पानांवर आणि भोके पाडायची ओळ मधोमध. डावीकडे दुसरे नाव अल गोर यांचे, पण दुसरे भोक उजवीकडच्या पॅट ब्यूकॅनन यांचे. ब्यूकॅनन यांना तिथे त्यांना स्वतःलाही न पटण्याइतकी मते पडली, आणि त्या राज्यात शेवटी जॉर्ज बुश ५३७ मतांनी निवडून आल्याचे जाहीर झाले. पान जरा सरळ मांडले असते तर जगाचा इतिहास कुठे गेला असता, यावर अजून पुस्तके निघतात. याच्या जोडीला आपली १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक ठेवून पाहावी. बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून उमेदवारागणिक वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह चिकटवले. वाचता येत नाही ना, मग वाचायला लावायचेच नाही. डिझायनर हा शब्द त्या मांडवात कोणी ऐकलाही नसेल, पण इतका थेट यूआय आजच्या कित्येक बँकांना जमलेला नाही. तेव्हा पडद्याचे महत्त्व नाकारायचे कारण नाही. वाईट यूआय चांगला अनुभव बुडवू शकतो, हे खरे. खरे नाही ते एवढेच, की चांगला यूआय वाईट अनुभवाला तारू शकतो. हा रस्ता एकेरी आहे. आणि एकेरी रस्त्यावर उलट दिशेने शिरणाऱ्याचे काय होते ते शिवाजी चौकातला हवालदार सांगेल.

पडदा जवळपास तोच राहून अनुभव सुधारतो, याचा पुरावाही माणमध्येच मिळतो आणि त्याचे नाव सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्याइतका दुर्बोध कागद क्वचितच असेल. भोगवटादार, पोटखराबा, आकार, इतर अधिकार, फेरफार क्रमांकांची कंसातली माळ. आणि त्यात पणजोबांच्या वेळेपासून ठाण मांडून बसलेले एखादे नाव, ज्याचा वारस शोधताना भावकी कोर्टात जाते. माणसारख्या गावात, जिथे आयटी पार्क आले, पीएमआरडीएची हायटेक सिटीची नगररचना योजना आली, मेट्रोचे कारशेड आले, तिथे या कागदावरच्या एका ओळीची किंमत काय असते ते सांगायला नको. पूर्वी हा कागद मिळवायचा म्हणजे आधी तलाठी मिळवायचा, आणि तलाठी ‘आत्ताच मीटिंगला गेले’ या अवस्थेत कायम असत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. कागद वाचायला पूर्वीइतकाच अवघड. २०२० मध्ये त्याची मांडणी काहीशी सुधारली, पण तो काही दिवाळी अंकासारखा वाचनीय झाला नाही. तरीही कचेरीच्या खेपा वाचल्या, एक दिवसाची रजा वाचली, आणि ‘साहेब कधी येतील’ हा प्रश्न वाचला. यूआय जेमतेम, यूएक्स झकास. याच्या नेमके उलट उदाहरणही त्याच खात्यात आहे. २०२४ मध्ये तलाठ्यांचे पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी असे झाले. दारावरची पाटी लांबली, शिक्के नवे आले. मीटिंग तीच आहे. हा शुद्ध, निर्भेळ, प्रयोगशाळेत दाखवण्याजोगा यूआय बदल होय.

ऑनलाइन केले की अनुभव सुधारतोच, असाही समज करून घेऊ नये. रांग पडद्यावरून नाहीशी होते, तेव्हा ती कुठेतरी दुसरीकडे उभी राहते. दाखले घरबसल्या मिळावेत म्हणून ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ आहे, आणि त्यावरचा अर्ज भरून मिळावा म्हणून आपले सरकार सेवा केंद्रे आहेत. फोटो अमुक केबींपेक्षा मोठा नको आणि तमुक केबींपेक्षा लहान नको, ही अट वाचून ज्याच्या पोटात धस्स होते असा माणूस सरळ केंद्रावर जातो. तिथला मुलगा एका हाताने फोटो कापतो, दुसऱ्या हाताने ओटीपी विचारतो, आणि ‘सर्व्हर डाउन आहे, चारनंतर या काका’ असे सांगून माणसाला चहाला पाठवतो. नागरिकाच्या लेखी शासनाचा यूएक्स म्हणजे हाच मुलगा. त्याचे नाव कुठल्याही डिझाइन पुरस्कारात येत नाही. यूपीआयचे यशही नीट पाहिले तर असेच आहे. २०१६ मध्ये ही पद्धत आली, पण भाजीवालीला ती खरी आपली वाटली ती हातगाडीवर बोलणारा डबा आल्यावर. तिचे हात ओले, डोळे तराजूवर, समोर चार गिऱ्हाइके. ती पडदा कधी बघणार? ‘पन्नास रुपये मिळाले’ असे डब्याने मोठ्याने सांगितले की तिला कोथिंबिरीची जुडी सोडता येते. ज्याने हे ओळखले त्याने पडदा सुधारला नाही. भाजीवालीला पडदा बघण्यातूनच मोकळे केले.

पण यूएक्सचा सर्वांत भक्कम दाखला या तालुक्याने आयटी पार्कच्या कितीतरी आधी मुंबईला पाठवला होता. मुंबईचे डबेवाले मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातले: मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचे. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केले असे सांगतात. भरभराटीच्या काळात सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या घरात डबे पोचवत, आणि या कामाचा अभ्यास करून २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी त्यावर प्रकरण लिहिले. यांचा यूआय म्हणजे डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली काही अक्षरे आणि आकडे. एक खूण डबा कुठून निघाला याची, एक आकडा उतरण्याच्या ठिकाणाचा, दोन अक्षरे इमारतीची, शेवटचा आकडा मजल्याचा. रंग सांडलेला, अक्षर गिचमिड, आणि कुठलाही डिझायनर पाहताक्षणी मान फिरवील असे एकूण दर्शन. पण गिऱ्हाइकाला ते वाचावेच लागत नाही. त्याला फक्त दुपारी आपल्याच घरची भाजी खायची असते, आणि ती मिळते. रिकामा डबा संध्याकाळी घरी परत जातो. डबा चुकला, तर ‘अंधेरीपर्यंत आमच्याकडे होता, पुढचे चर्चगेटवाल्यांना विचारा’ असे उत्तर मिळत नाही. टोळीचा मुकादम निस्तरतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून कार्यालयातल्या टेबलापर्यंत आणि तिथून परत, सगळे सांधे त्यांनी आपल्या अंगावर घेतलेले असतात. अर्थात लोकल त्यांची नव्हे, आणि २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली तेव्हा हेही काम ठप्प झाले. पण जेवढी वाट आपल्या हातात आहे तेवढीच्या मधोमध कुंपणे घालायची नाहीत, हा धडा त्यांनी देऊन ठेवला आहे. मुळशीतून मुंबईला डबा पोचवण्याची विद्या गेली आणि मुळशीत अ‍ॅपने जेवण मागवण्याची विद्या आली. आता माणमधल्या आठव्या मजल्यावरचा माणूस पडद्यावर दुचाकीचे चिमुकले चित्र खाली चौकात गोल गोल फिरताना पाहतो. चित्र फार गोंडस आहे. बिर्याणी गार होत आहे.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा. अनुभव हा ज्याचा त्याचा. तो दुसऱ्याने घडवायचा कसा? एकाच बसमध्ये एक जण घामाघूम होतो आणि दुसरा खिडकीशी डोके टेकून घोरतो. मग अनुभवाचा आराखडा करणारा म्हणवून घेणे हा निव्वळ हुद्द्याचा तोरा नव्हे काय? यात तथ्य आहे, आणि हा तोरा माणमध्ये भरपूर पाहायला मिळतो. भेटकार्डावर यूएक्स लिहिलेल्या बऱ्याच मंडळींचा दिवस बटणाचे कोपरे किती गोल असावेत याच वादात मावळतो. पण घोरणाऱ्याची झोप कोणी ठरवत नसले, तरी बस वेळेवर येणे, तीत बसायला जागा असणे आणि थांब्यावर छप्पर असणे हे कोणीतरी ठरवतच असते. अनुभव घडवता येत नाही. अनुभवाच्या वाटेतले दगड उचलता येतात. तेवढे काम पुरेसे मोठे आहे. याच आक्षेपाचा देशी अवतार असा: आपल्या लोकांना सवय होते. खरे आहे. माणला येणाऱ्यांनीही सवय करून घेतली. कोणी पहाटे निघतो आणि कार्यालयाच्या वाहनतळात झोप पुरी करतो. कोणी रात्री नऊपर्यंत ‘काम आहे’ म्हणून थांबतो आणि रस्ता मोकळा झाल्यावर निघतो. साहेबांना त्यात निष्ठा दिसते. पण सवय झाली म्हणजे त्रास संपला असे नव्हे. त्रास मोजणे संपले. उलट ज्या आकड्यांवर डिझाइनवाल्यांचा फार विश्वास असतो ते अशा वेळी दगा देतात. रोज हजारो माणसे या रस्त्याने येतात, म्हणजे रस्ता लोकप्रिय आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर? अ‍ॅपच्या बाबतीत असे निष्कर्ष रोज निघतात आणि त्यावर बढत्याही मिळतात.

पुढची मोठी परीक्षा मेट्रोची आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर हा मार्ग २३ किलोमीटरांहून थोडा अधिक, स्थानके २३, भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालेले, आणि त्याचे कारशेड माणमध्येच. डबे चकचकीत, पाट्या सुवाच्य, दरवाजे कार्डाला मान देणारे: यूआयमध्ये मेट्रो कुठेच कमी पडत नाही. अनुभव मात्र जिना उतरल्यावर ठरणार आहे. मेगापोलिस सर्कलला उतरलेल्या माणसाला कार्यालयापर्यंत सलग पदपथ मिळतो का, पदपथावर खांब, रोहित्र आणि भेळेची गाडी यांपैकी काय उभे आहे, पावसात पाय कुठे ठेवायचा, रात्री साडेदहाला एकट्या मुलीला जोडबस सापडते का, आणि माणच्या ज्या घरांवरून ही गाडी धडधडत जाते तिथल्या आजोबांना स्थानकात शिरायला सरकता जिना चालू सापडतो का. मेट्रोच्या कंपनीला विचारले तर पदपथ तिच्या करारात नसणार. पदपथवाल्याला विचारले तर मेट्रो त्याच्या फायलीत नसणार. प्रवाशाला मात्र घरापासून टेबलापर्यंत एकच प्रवास करायचा असतो, आणि त्याला करारातली कलमे चढउतार करून दाखवता येत नाहीत. तेव्हा स्थानक सुंदर झाले की काम झाले, अशी जी समजूत असेल ती आताच मोडलेली बरी. कारण उद्घाटनाला येणारे पाहुणे स्थानक पाहतात, पदपथ पाहत नाहीत. ते मोटारीतून येतात.

यावर उपाय म्हणून कोणीतरी आणखी एक अ‍ॅप सुचवील, ही भीती खरी आहे. तक्रार नोंदवा, फोटो जोडा, तारे द्या, आणि ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ हा संदेश त्याच खड्ड्यात उभे राहून वाचा. तसे करू नका. माणच्या काचेच्या इमारतींत बसून जगाचे पडदे सोपे करणाऱ्यांना, आणि त्यांच्या भोवतालच्या सगळ्या प्राधिकरणांना, मागणे एवढेच आहे: पडदा कोणी केला हे नेहमी ठाऊक असते, कारण पडद्याला मालक असतो, आता अनुभवालाही मालक नेमा. वाकडच्या पुलापासून कार्यालयाच्या लिफ्टपर्यंत, अर्जाच्या पहिल्या रकान्यापासून हातात पडणाऱ्या दाखल्यापर्यंत, प्रत्येक वाटेसाठी नाव आणि फोन नंबर असलेला एक माणूस ठेवा, ज्याला ‘ते आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य उच्चारण्याची परवानगी नसेल. त्याच्या भेटकार्डाची छपाई साधी असली तरी चालेल. फोन उचलला म्हणजे झाले.